तिला धाप लागत नाही

एका आईचं पत्र आलं आहे. मुलगी पंधरा वर्षांची. जन्मानंतर दुसऱ्याच दिवशी ती झोपेत निळी पडली आणि काही आठवड्यांत निदान झालं: जन्मजात सेंट्रल हायपोव्हेंटिलेशन सिंड्रोम, म्हणजेच सीसीएचएस, झोपेत मेंदू पुरेसा श्वास घ्यायला लावत नाही असा आजार. जनुकचाचणीच्या अहवालात २०/२६ असं लिहिलेलं आहे. पहिली काही वर्षं गळ्यात नळी होती. नवव्या वर्षी ती काढली आणि तेव्हापासून ती रात्री मास्क लावून व्हेंटिलेटरवर झोपते. दिवसा आपला श्वास आपण घेते, शाळेत जाते, कुणाला सांगितल्याशिवाय काही कळतही नाही. आता शाळेचं तीन रात्रींचं शिबिर आहे आणि तिला जायचंच आहे. आई लिहिते, "पंधरा वर्षांत एक रात्र मी तिच्यापासून लांब झोपलेले नाही. रात्रीतून तीन-चारदा उठून छातीवर हात ठेवून बघते." नवरा आणि सासूबाई म्हणतात की दिवसा छान श्वास घेते तर रात्रीच यंत्र कशाला, ही सवय आहे, हळूहळू सोडवायला हवी. एका नातेवाइकांचं घोरण्यावरचं यंत्र वजन उतरल्यावर सुटलं, हा त्यांचा दाखला. मुलगी म्हणते, "मला काही होत नाही, तू उगीच घाबरतेस." आईचा प्रश्न: "ती खरंच कधी कशाची तक्रार करत नाही. सकाळी बोटाला ऑक्सिमीटर लावला तर ९६-९७ दिसतं. मीच जास्त घाबरते का? तिला जाऊ देऊ की थांबवू?" शेवटी जाता जाता दोन गोष्टी लिहिल्या आहेत. हल्ली सकाळी मुलीचं डोकं जड असतं, अभ्यासाचा ताण असेल. आणि गेल्या दोन महिन्यांत दोनदा जिना चढताना तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली, "पण लगेच ठीक झाली." शेवटची स्लीप स्टडी, म्हणजे झोपेतल्या श्वासाची रात्रभराची तपासणी, दोन वर्षांपूर्वीची.

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना शेवटाकडून वर गेले, कारण शिबिराच्या प्रश्नापेक्षा मला त्या जाता जाता लिहिलेल्या दोन गोष्टींनी अडवलं. तेव्हा उत्तरही तिथूनच सुरू करते. शिबिराकडे येतेच.

डोळ्यांपुढे दोनदा अंधारी आली, हे तुमच्या डॉक्टरांना सांगितलंत का? पत्रात तसं दिसत नाही. सांगितलं नसेल तर हे वाचून झाल्यावर फोन करा, पुढच्या ठरलेल्या तारखेची वाट बघू नका. इतर पंधरा वर्षांच्या मुलीला अंधारी आली तर आपण म्हणतो, जेवली नसेल, उन्हात फिरली असेल. तुमच्या मुलीच्या बाबतीत पहिला विचार हृदयाचा करायला हवा. सीसीएचएसमध्ये हृदयाचे ठोके मध्येच काही सेकंद थांबू शकतात. असा विराम तीन सेकंदांचा किंवा जास्त असेल तर पेसमेकरचा विचार केला जातो. दवाखान्यात काढलेल्या साध्या ईसीजीत तो सापडेलच असं नाही, कारण तो ईसीजी काही सेकंदांचाच असतो. म्हणून या मुलांना दरवर्षी ७२ तासांचा होल्टर लावायचा असतो, अंगावर बांधून तीन दिवस चालणारी नोंद. अहवालात २०/२७ असलेल्यांत हे विराम जास्त दिसतात, पण २०/२६ मध्येही आढळले आहेत (या आकड्यांचा अर्थ पुढे सांगते). अंधारी येण्याचं कारण साधंही निघेल. निघू दे. पण ते होल्टर बघून ठरू दे, आपल्या अंदाजावर नको. आणि या मधल्या काळात ती खरोखर बेशुद्ध पडली, तर थेट रुग्णालय गाठा.

आता सकाळच्या जड डोक्याबद्दल.

हे सदर लिहायला लागण्याआधी मी बरीच वर्षं स्लीप लॅबमध्ये रात्रपाळी करत होते. मी डॉक्टर नव्हते, तंत्रज्ञ होते. माणसं झोपली की त्यांच्या रेषा बघत बसायचं, हे माझं काम. तिथली एक रात्र तुम्हाला सांगावीशी वाटते. चार वर्षांचा मुलगा होता, निदान अजून पक्कं व्हायचं होतं, आणि तोवर त्याला नाकातून नुसता ऑक्सिजन चालू होता. बोटाला ऑक्सिमीटर, नाकाशी उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारी बारीक नळी. जागा होता तेव्हा कार्बन डायऑक्साइड ४१. सर्वसाधारणपणे तो ३५ ते ४५ च्या दरम्यान असतो. डोळा लागला आणि थोड्या वेळात ४८ झाला. मग ५५. झोप गाढ झाली तसा ६३ च्या वर गेला. आणि ऑक्सिजनचा आकडा? ९७. त्याचे बाबा माझ्याशेजारी उभे होते. म्हणाले, "बघा, किती शांत झोपलाय." खरंच शांत झोपला होता. कूस बदलणं नाही, घोरणं नाही, कपाळावर आठी नाही, गाल थोडे लालसर. डॉक्टरांनी येऊन त्याला मास्कने श्वास द्यायला सुरुवात केली आणि आकडा हळूहळू चाळिशीत उतरला. त्या सगळ्या वेळात चेहऱ्यात तसूभर फरक पडला नाही. ६३ लाही तोच चेहरा, ४० लाही तोच.

तुम्ही विचारलंय, ती तक्रार करत नाही, मग मी जास्त घाबरते का. ताई, या आजारात नेमकी तक्रार करणारी यंत्रणाच जागेवर नसते.

तुम्ही-मी श्वास रोखून धरला तर अर्ध्या-एक मिनिटात जीव घुसमटतो. ती घुसमट मुख्यतः रक्तात साठणाऱ्या कार्बन डायऑक्साइडची असते. मेंदू जिथे पाठीच्या कण्याकडे उतरतो, तिथल्या पेशींचा एक छोटा पुंजका हा वायू सतत चाचपत असतो. तो वाढला की या पेशी श्वास वाढवायला लावतात, झोपेत असलो तर जागंही करतात. या पेशी गर्भात नीट घडायला पीएचओएक्स२बी नावाचं जनुक लागतं. या जनुकाच्या एका भागात ॲलनिन या अमिनो आम्लाचा संकेत ओळीने वीस वेळा येतो. तुमच्या मुलीच्या एका प्रतीत तो २० वेळा आहे आणि दुसऱ्या प्रतीत २६ वेळा. अहवालातल्या २०/२६ चा अर्थ एवढाच. सहा जास्तीच्या मण्यांनी तो गजर मुका केला. तिची फुप्फुसं धडधाकट आहेत, श्वासपटल धडधाकट आहे. त्यांना हुकूम देणारं कुणी नाही, आणि हुकूम मिळाला नाही हे तिला जाणवण्याची सोयही नाही. इतरांना धाप लागते. तिला लागत नाही. पळाल्यावर लागत नाही, सर्दीने छाती भरली तरी लागत नाही, आणि पाण्याखाली गेली तरी लागत नाही. हे शेवटचं लक्षात ठेवा, शिबिराच्या वेळी परत सांगणार आहे.

मग दिवसा कसं जमतं? जागेपणी मेंदूच्या इतर भागांकडूनही श्वासाला रेटा मिळतो. आपण बोलतो, चालतो, हातपाय हलवतो, त्या सगळ्यातून श्वास चालू राहतो. झोप लागली की हे बाकीचे आधार गळतात आणि उरतो तो फक्त कार्बन डायऑक्साइडचा गजर, जो तिच्याकडे नाही. सगळ्यांत वाईट अवस्था असते ती गाढ झोपेची, जी बाहेरून सगळ्यांत शांत दिसते. स्वप्नांच्या झोपेत त्या मानाने थोडं बरं चालतं. जागेपणीही अगदी निर्धास्त राहू नका. पुस्तकात किंवा पडद्यात डोकं खुपसून बसली असेल, तर त्या तंद्रीत तिचा श्वास उथळ होऊ शकतो. म्हणून पुढच्या तपासणीत दिवसाचा, जागेपणीचा कार्बन डायऑक्साइडही मोजायला सांगा, शांत बसलेली असताना आणि व्यायाम करताना, दोन्ही वेळी.

तर तुमच्या यजमानांना आणि सासूबाईंना उत्तर हे आहे. सवय ही वेगळी गोष्ट आणि गरज ही वेगळी. वय वाढलं की सीसीएचएस सुटत नाही. ज्या नातेवाइकांचं यंत्र सुटलं ते बहुधा सीपॅप असणार. ते यंत्र श्वास देत नाही. ते फक्त हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवतं, श्वास माणूस स्वतः घेतो. त्यांचा रस्ता बंद होत होता, वजन उतरलं आणि रस्ता मोकळा झाला. तुमच्या मुलीचा रस्ता मोकळाच आहे, त्यावरून गाडी जात नाही. तिचं यंत्र मिनिटाला ठरलेले श्वास स्वतः देतं. दोन्हींना मास्क असतो, दोन्हींचा आवाज सारखा येतो, आणि साम्य तिथेच संपतं. "एक रात्र बंद करून बघू" हा प्रयोग घरात कुणीही, कधीही, कितीही प्रेमाने करायचा नाही. त्यात मूल दगावू शकतं. हे वाक्य मी जाणून कठोर लिहिते आहे. हा भाग त्यांना वाचून दाखवलात तरी चालेल.

त्यांच्यावर रागावू नका मात्र. त्यांनी तिला दिवसा पाहिलंय. पुढच्या स्लीप स्टडीला तुमच्याऐवजी तिच्या बाबांना रात्रभर तिथे बसू द्या. लॅबमधल्या तंत्रज्ञाला विनंती केली तर तो पडद्यावरची रेषा समजावून सांगेल. मी स्वतः कित्येक आईबाबांना दाखवली आहे. ज्याने ती रेषा चढताना एकदा पाहिली, त्याने सवयीचा विषय पुन्हा काढल्याचं मला तरी आठवत नाही.

आता तुमच्या स्वतःच्या समजुतींकडे येते, कारण पत्रात त्याही आहेत.

सकाळचा ९६-९७. हा आकडा ती जागी झाल्यावरचा आहे, म्हणजे त्या वेळी तिचा स्वतःचा श्वास चालू झालेला असतो. रात्री काय झालं ते तो सांगत नाही. रात्रीही फक्त ऑक्सिजन बघून भागत नाही, हे त्या चार वर्षांच्या मुलाच्या गोष्टीत आलंच. नवव्या वर्षी बसवलेलं दाबाचं गणित पंधराव्या वर्षी पुरेलच असं नाही. ती वाढली, वजन वाढलं, चेहरा बदलला, मास्क कडेने गळत असेल. गळका मास्क लावलेलं यंत्र रात्रभर इमानेइतबारे चालतं आणि हवा उशीवर जाते. सकाळी जड डोकं, वर्गात लक्ष न लागणं, चिडचिड, ही रात्रभर कार्बन डायऑक्साइड साचल्याची ओळखीची चिन्हं आहेत. अभ्यासाचा ताण नंतर धरू. दोन वर्षांपूर्वीची स्लीप स्टडी जुनी झाली. या मुलांची ती वर्षातून एकदा तरी व्हायला हवी, आणि तीत कार्बन डायऑक्साइड मोजलेला हवा. त्यासोबत हृदयाचा इको आणि रक्ताची साधी तपासणीही होते, कारण रात्री श्वास कमी पडत राहिला तर हृदयाच्या उजव्या बाजूवर भार येतो आणि तांबड्या पेशी वाढतात. यंत्राचे आकडे घरी फिरवू नका, ते काम तिच्या डॉक्टरांच्या टीमचं.

छातीवरचा हात. हे लिहायला मला जड जातंय, कारण तुम्ही पंधरा वर्षं तो हात ठेवलाय आणि तो ठेवताना तुमची काय अवस्था असेल हे मला कळतं. पण ताई, सीसीएचएसमध्ये झोपेत श्वास थांबतोच असं नाही. बऱ्याचदा तो चालू राहतो, फक्त फार उथळ होतो. हाताखाली छाती हलते. तेवढ्या हलण्याने कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत नसतो, आणि हे अंधारात हाताला कळणं शक्य नाही. डोळ्यालाही नाही. तुमच्या हाताने तुमची समजूत घातली, राखण यंत्राने केली.

म्हणून रात्रीची राखण हातातून काढून उपकरणांना द्या. रात्रभर बोटाला किंवा पायाच्या अंगठ्याला राहणारा, गजर असलेला ऑक्सिमीटर. जमत असेल तर घरी वापरता येणारा कार्बन डायऑक्साइडचा मॉनिटर. आणि गजर वाजला की खरोखर जागं होणारा एक माणूस. हा तिसरा भाग बहुतेक घरांत कच्चा राहतो. रात्रीतून चारदा उठणारी आई पंधरा वर्षांनी गजराला उठू शकत नाही. तिचं शरीरच तिला उठू देत नाही. मी हे आयांच्या तोंडून ऐकलंय, लाजेने सांगितलेलं. त्यात लाजण्यासारखं काही नाही. आठवड्यातल्या काही रात्री तिच्या बाबांच्या नावावर पूर्ण करा. पूर्ण म्हणजे तुम्ही दुसऱ्या खोलीत, दार बंद. तुमची झोप हा तिच्या उपचाराचा भाग आहे असं समजा.

आणखी एक समजूत आहे, ती तुम्ही उघड लिहिलेली नाही, पण मुलीबद्दल लिहिताना "बेफिकीर" हा शब्द दोनदा आलाय. कशालाच घाबरत नाही, थंडीत पांघरूण घेत नाही, मध्येच घामाने भिजते, आजारी पडली तरी अंग तापत नाही. हे सगळं स्वभावात जमा करू नका. आपल्याला न विचारता चालणारी सगळी कामं, ठोके, रक्तदाब, घाम, अंगाची ऊब, आतड्यांची हालचाल, बाहुल्यांचं लहानमोठं होणं, जी स्वायत्त चेतासंस्था चालवते, तीच या जनुकाने घडते. त्यामुळे सीसीएचएसच्या मुलांत हातपाय गार असणं, एकाएकी घाम फुटणं, बद्धकोष्ठता, अन्न गिळताना अडकणं, बाहुल्या प्रकाशाला संथ उत्तर देणं, हे सगळं कमीजास्त दिसतं. काही बाळांच्या आतड्यात चेतापेशीच नसतात, त्याला हिर्शस्प्रुंग म्हणतात. भीतीने छाती धडधडणं, अंगावर काटा येणं, हा भीतीचा शरीरातला अर्धा भागही तिच्याकडे कमी असू शकतो. सगळंच आजाराच्या खात्यावर टाकावं असं मी म्हणत नाही. पंधरा वर्षांची मुलगी थोडी बेफिकीर असायचीच. पण तापाची एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. न्यूमोनिया झाला तरी तिला ताप नसेल, धाप नसेल, श्वास भरभर चालत नसेल. आजारपणात तिच्याकडे बघून ठरवायचं नाही, मोजायचं. आणि साध्या सर्दीपडशातही तिला दिवसा यंत्र लागू शकतं, ते लावायला कचरू नका.

तर शिबिर.

तुम्ही "जाऊ देऊ की थांबवू" असं विचारलंत. मला वाटतं दोन्हींच्या मध्ये बरीच जागा आहे. होल्टर आणि स्लीप स्टडी होईपर्यंत उत्तर "अजून नाही" असं आहे, आणि ते तिला कारणासकट सांगा. दोन्ही नीट निघालं, किंवा जे निघालं त्याचा बंदोबस्त झाला, तर माझं मत तिने जावं असं आहे. मी हे सहज लिहीत नाही. सीसीएचएसची मुलं आता मोठी होतात, शिकतात, नोकरी करतात, घर करतात. कधीतरी तिला तुमच्याशिवाय झोपायचं आहे. ती पहिली रात्र अठराव्या-विसाव्या वर्षी, कुठल्या तरी अनोळखी खोलीत, तुमच्याशी भांडून गेलेली असताना यावी, की आत्ता, ठरवून, माणसं शिकवून? मला दुसरं बरं वाटतं.

तीन रात्री जमणार नसतील तर एक रात्र. तीही नसेल तर दिवसभर शिबिर आणि झोपायला तुमच्याकडे, जवळच मुक्काम करून. तुम्ही शिबिराच्याच जागी वेगळ्या खोलीत राहणं हाही मार्ग आहे, पण तो तिला विचारून. रात्रीसाठी शिकवलेला एक मोठा माणूस तिच्या खोलीत असणं ही मात्र अट आहे, त्यावर तडजोड नको. नर्स मिळाली तर उत्तम. नाही तर दोन शिक्षिका, आळीपाळीने.

त्यांना शिकवणं म्हणजे कागद देणं नव्हे. त्यांना घरी बोलवा, रात्री नऊ वाजता, ती झोपायच्या वेळी. मास्क त्यांच्या हाताने लावू द्या, काढू द्या, गळती कशी ऐकू येते ते ऐकू द्या. मग यंत्र मुद्दाम बंद करून गजर वाजवा आणि त्यांना काय करायचं ते करू द्या, ती जागी असतानाच. गजर वाजला तर आधी तिला जागं करायचं, नावाने हाक मारून "श्वास घे" म्हणायचं. जागी झाली की ती सांगितल्यावर श्वास घेऊ शकते. मग मास्क, नळी, वीज बघायची. जागी होत नसेल तर अँबू बॅगने, म्हणजे हाताने दाबायच्या पिशवीने, श्वास द्यायचा आणि मदत बोलवायची. अँबू बॅग वापरायला तुमच्या टीमकडूनच शिकवून घ्या, पुस्तकातून नाही. बॅटरीवर यंत्र किती तास चालतं ते डब्यावर लिहिलेलं मानू नका, घरी एक रात्र चालवून बघा. वीज येवो न येवो, दुसरी चार्ज केलेली बॅटरी सोबत हवीच. एक कार्ड तिच्या गळ्यात किंवा पाकिटात: आजाराचं नाव, झोपेत श्वास द्यावा लागतो, नुसता ऑक्सिजन पुरेसा नाही, गुंगीची किंवा झोपेची औषधं टीमला विचारल्याशिवाय देऊ नयेत. दाताच्या साध्या भुलीपासून मोठ्या शस्त्रक्रियेपर्यंत सगळीकडे हे कार्ड उपयोगी पडेल.

आता एक गोष्ट, जी बहुतेक घरांच्या यादीत नसते. शिबिरात मला रात्रीची काळजी त्या मानाने कमी वाटते, कारण रात्रीची तयारी आपण करतो. मला काळजी वाटते ती बसची. पहाटे उठून निघालेली मुलं खिडकीला डोकं टेकवून झोपतात. दहा मिनिटांची डुलकीही झोपच. मास्क सामानात, सामान बसच्या पोटात, आणि शेजारच्या मैत्रिणीला वाटतं, किती गाढ झोपली आहे, उठवायला नको. तेव्हा यंत्र मांडीजवळ, आणि शेजारी असा कुणीतरी, ज्याला "डोळे मिटले की उठवायचं किंवा मास्क लावायचा" हे माहीत आहे आणि जो स्वतः झोपणार नाही. हेच दुपारच्या लोळण्याला, हेच रात्री मैत्रिणींशी गप्पा मारता मारता लागणाऱ्या डोळ्याला. अंथरुणावर पडताना मास्क, गप्पा नंतर. मास्क लावूनही गप्पा मारता येतात, तिला विचारा, तिला युक्त्या माहीत असतील.

आणि पाणी. पोहायचं असेल तर पाण्याखाली जायचं नाही, कोण जास्त वेळ श्वास रोखतं ही पैज कधीही नाही, आणि एक मोठा माणूस फक्त तिच्यावर नजर ठेवून. इतर मुलं घुसमटली की वर येतात. तिला घुसमट कळणार नाही. हे तिच्या दोन जवळच्या मैत्रिणींनाही सांगायला हवं, तिच्या परवानगीने. हे सगळं गुपित ठेवून जमणार नाही.

मुलीशी बोलताना एक करा. "तुला काही होईल" असं म्हणू नका. "मला काही होत नाही" हे ती खोटं बोलत नाही, तिला खरंच काही होत असल्याचं जाणवत नाही. तिला तिच्या स्लीप स्टडीचे आलेख दाखवा, डॉक्टरांनी दाखवावे. पंधरा वर्षांच्या मुलीला आपलं शरीर कसं चालतं हे कळलं पाहिजे, आईच्या भीतीतून नव्हे, आकड्यांतून. तिला स्वतः मास्क बसवता येतो का, गजराचा अर्थ सांगता येतो का, आपला आजार परक्या डॉक्टरला चार वाक्यांत समजावता येतो का, हे शिबिरापूर्वी बघा. मद्याबद्दलही आत्ताच बोला, कुणी तरी तिला ते देण्याआधी. सीसीएचएसमध्ये मद्य घेतल्यावर तरुण व्यक्ती दगावल्याची नोंद आहे. ही गोष्ट ऐकायला ती लहान नाही.

तुम्ही दोघांनी जनुकचाचणी केली आहे का, हे पत्रात नाही. केली नसेल तर करा. बहुतेक मुलांत हा बदल नव्यानेच झालेला असतो, पण काही आईवडिलांत तो काही पेशींपुरता असतो आणि त्यांना आयुष्यभर पत्ता लागत नाही. क्वचित मोठ्या वयात, भुलीनंतर किंवा छातीच्या आजारपणात, तो उघडा पडतो. यात कुणाच्या चुकीचा प्रश्न नाही. या आजारामागे हे जनुक आहे हे २००३ मध्ये कळलं, त्याआधी डॉक्टरांनाही काही सांगता येत नसे. याच आजाराला 'ऑन्डीनचा शाप' (ऑन्डीन ही युरोपीय कथांतली जलकन्या) असंही एक नाव आहे, १९६२ पासून चालत आलेलं. वाचताना तुम्हाला ते दिसेल. मला ते मनापासून नकोसं वाटतं, आयांच्या मनात आधीच जे असतं त्याला ते खतपाणी घालतं. तुम्ही ते वापरू नका.

ज्यांच्या घरी दुसरा दुर्मीळ आजार आहे आणि जे हे वाचत आहेत, त्यांच्यासाठी थोडंसं. रेट सिंड्रोममध्ये श्वासाचा गोंधळ जागेपणी जास्त दिसतो, भरभर श्वास आणि मग रोखून धरणं. प्राडर-विलीमध्ये झोपेत श्वास अडणं आणि कार्बन डायऑक्साइडला कमी प्रतिसाद, दोन्ही असू शकतात, आणि ग्रोथ हार्मोन सुरू करण्याआधी व नंतर स्लीप स्टडी करतात. आजार वेगळे, उपाय वेगळे. पण "काही बोलत नाही, म्हणजे ठीक असेल" हा अंदाज या तिन्ही घरांत फसतो, आणि तिन्ही घरांत मोजून बघता येतं.

ताई, हे वाचून झालं की होल्टरसाठी फोन करा, त्याच फोनवर स्लीप स्टडीची तारीख मागा, आणि ती रात्र तिच्या बाबांच्या नावावर लिहा. शाळेला कळवा की येणार आहे की नाही ते या तपासण्यांनंतर सांगू, पण शिकवायच्या दोन शिक्षिकांची नावं आत्ताच द्या. आणि जायचं ठरलं, तर बसमध्ये शेजारच्या सीटवर कोण बसणार, कुणाला सगळं सांगायचं, हे तुम्ही ठरवू नका. तिला ठरवू द्या.